पाईपवर ‘कोंकण सुंदरी’

मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेला मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने वाद्यपथकासाठी पैसे देऊ केले आहेत, असं धरून चाला. पैसे एका पथकापुरतेच. त्यावरून शाळा समितीत दोन तट पडलेत. एका बाजूला मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले पाईप मेजर. त्यांना मुलांच्या हाती बॅगपाईप द्यायचे आहेत. दुसऱ्या बाजूला त्यांचीच भाची. ती त्याच शाळेत इतिहास शिकवते आणि तिला सनई-ढोलाचं पथक हवं आहे. मामांचा उमेदीचा काळ बेळगावात, पचमढीत आणि सरहद्दीवर गेला, त्यामुळे त्यांची मालवणी आता रागात किंवा लाडात असले तरच बाहेर पडते. मामा-भाची या लेखापुरते घडवलेले आहेत. त्यांच्या बोलण्यातल्या लढाया, गावं आणि तारखा मात्र खऱ्या. वादही खराच : राज्य करणारा निघून गेला, त्याचं वाद्य इथेच राहिलं, तर ते आता कुणाचं?

भाची : मामा, आडपडदा न ठेवता विचारते. 15 ऑगस्टला झेंडा वर जाणार आणि त्याखाली आपली पोरं स्कॉटलंडचं वाद्य वाजवणार. तुम्हाला यात काहीच खटकत नाही?

मामा : खटकायचं काय? दिल्लीत विजय चौकात दर 29 जानेवारीला बीटिंग रिट्रीटला पाईप वाजतात. 2023 च्या सोहळ्यात पाईप आणि ड्रमच्या बँडला कोणत्या धुना होत्या, माहीत आहे? ‘अल्मोडा’, ‘केदारनाथ’, ‘संगम दूर’, ‘क्वीन ऑफ सातपुडा’, ‘भागीरथी’ आणि ‘कोंकण सुंदरी’! त्या वर्षी एकूण 29 धुना, सगळ्या आपल्या देशातल्या. कोकणाच्या नावाची धून पाईपवर वाजते, आणि तू मला स्कॉटलंड दाखवतेस?

भाची : नाव कोकणाचं, पण थाट कुणाचा? खांद्यावर तीच चौकड्यांची शाल, पुढे काठी फिरवत चालणारा तोच ड्रम मेजर, तीच पावलांची शिस्त. कार्यक्रमपत्रिकेतली नावं बदलायला एक सही पुरते.

मामा : आणि तो सोहळा इंग्रज ठेवून गेला असं तुला वाटतं ना? तसा नाय गो. सूर्यास्ताला वाद्य वाजवून फौज मागे बोलावायची रीत युरोपातली, जुनी, हे कबूल. पण दिल्लीतला हा एकत्रित बँडचा सोहळा 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेनेडियर्सच्या मेजर रॉबर्ट्सनी बसवला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर, आपल्या फौजेतल्या अधिकाऱ्याने, आपल्या प्रजासत्ताकासाठी.

भाची : म्हणजे साहेब गेल्यावर साहेबी थाट आपण स्वतः होऊन वाढवला. याने माझाच मुद्दा पक्का होतो.

मामा : मग काढायला निघालं की काय होतं तेही बघ. ‘अबाइड विथ मी’ ही इंग्रजी प्रार्थना 2022 मध्ये सोहळ्यातून गेली, तिच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. नवं गाणं ऐकून माझेही डोळे भरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण जी गेली ती प्रार्थना गांधीजींच्या आवडीची होती. इंग्रजांना चले जाव म्हणणाऱ्या माणसाला तिचा त्रास झाला नव्हता.

भाची : गांधीजींनी ती स्वतः निवडली होती. तुमच्या पाईपची निवड कुणी केली? महाराष्ट्रात हे वाद्य कसं वाजलं ते सांगते. 23 सप्टेंबर 1803, जालना जिल्ह्यातलं असई. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली, त्याच्याकडे 74 वी आणि 78 वी या स्कॉटलंडच्या हायलँडर पलटणी. त्या दिवशी आपल्या माणसांवर चालून येणाऱ्या रांगांमध्ये पाईपर होते. ज्याच्या सुरावर आपली माणसं मारली गेली, ते वाद्य मी पोरांच्या हातात देऊ?

मामा : असईच्याच एका पाईपरची गोष्ट सांगतो, मग ठरव. डेव्हिड स्ट्युअर्ट नावाच्या हायलँडर अधिकाऱ्याने 1822 च्या आपल्या पुस्तकात ती लिहून ठेवली आहे. लढाई सुरू होताना हुकूम सुटला, वादकांनी जखमींना उचलून मागे डॉक्टरांकडे न्यावं. एका पाईपरला वाटलं हुकूम आपल्यालाही आहे. त्याने पाईप खाली ठेवला आणि जखमी उचलायला लागला. तर सोबत्यांनी त्याला टोचून टोचून हैराण केलं. बासरीवाले मागे गेले तर गेले, पाईपर कधी मागे जातो? बिचाऱ्याला तो डाग धुवायला नोव्हेंबरात अडगावची लढाई यावी लागली, आपल्या अकोल्याकडची. तिथे पुढे राहून असा वाजवला की पुन्हा कुणी बोललं नाही.

भाची : माझ्या म्हणण्याला बळच देताय तुम्ही. पाईप म्हणजे मारायला पुढे ढकलणारा आवाज.

मामा : पुढचं आयक. आपल्या फौजेत लढाई लागली की बँडवाल्याचं काम काय? वाद्य पेटीत आणि स्ट्रेचर खांद्यावर. जखमी उचलायचे, पट्टी बांधायची. बँडमध्ये आलेल्या पोराला धुनेबरोबर हेही शिकावं लागतं. असईत ज्या कामावरून त्या पाईपरची लाज काढली, ते काम आमच्यात कर्तव्य म्हणून गणलं जातं. आता सांग, वाद्य तेच राहिलं, पण वाजवणाऱ्याचा धर्म तोच राहिला का?

भाची : नाही राहिला. हे मला ठाऊक नव्हतं आणि मान्यही आहे. पण हा मान वादकाला आहे. वाद्याला तो आपोआप मिळत नाही.

मामा : मग वाद्याचं ऐक. 1746 मध्ये हायलँडरांचं बंड इंग्रजांनी मोडलं. जेम्स रीड नावाचा पाईपर पकडला गेला. यॉर्कच्या न्यायालयात तो म्हणाला, मी हत्यार उचललंच नाही, फक्त पाईप वाजवला. न्यायालयाने ठरवलं की पाईप हेच युद्धाचं हत्यार, आणि त्याला फाशी दिली. हे वाद्य चिरडलेल्या माणसांचं आहे, बाय. आणि आपलं नातं त्याहून जवळचं. 1765 मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी समोरचा आपला सिंधुदुर्ग घेतला, तेव्हा त्याचं नाव काय ठेवलं?

भाची : फोर्ट ऑगस्टस.

मामा : त्याच नावाचा किल्ला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आहे. त्याच शतकात, हायलँडरांवर वचक ठेवायला बांधलेला. म्हणजे मालवणचा दर्यावर्दी आणि तिकडचा डोंगरी माणूस, दोघांच्या डोक्यावर एकाच नावाचा किल्ला.

भाची : मामा, हे छान जुळतं, म्हणूनच त्यापासून सावध राहायला हवं. ज्यांच्या डोक्यावर तो किल्ला बांधला, त्यांचीच नातवंडं साठ-सत्तर वर्षांत कंपनीच्या बाजूने असईला उभी होती. आणि ज्या सरकारने पाईपला हत्यार ठरवून माणूस फासावर दिला, त्याच सरकारने 1854 मध्ये हायलँड पलटणींसाठी पाईपरची अधिकृत पदं मंजूर केली. साम्राज्याचं कसब ते हेच. आधी तुमचा आवाज दाबायचा, मग तोच आवाज पगारी करून तिसऱ्यावर सोडायचा. आपल्याशीही तेच झालं. इंग्रजांनी ‘लढाऊ जमातीं’ची यादी केली. पाईपचा थाट मिळाला तो त्या यादीतल्यांना : गुरखे, शीख, पठाण वगैरे. ज्यांना यादीत घेतलं त्यांना फेटा, शाल, पाईप. ज्यांना वगळलं त्यांना काही नाही. 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली, तेव्हा दापोलीला राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत नोकरी केलेल्या माणसांना, आम्हीही लढवय्ये आहोत, हे अर्ज करून सांगावं लागलं.

मामा : ते पत्र लिहिणाराही फौजेतच शिकला ना? कोकणातल्या दलित माणसाला अक्षर आणि पेन्शन आधी कुठे मिळालं?

भाची : फौजेत. आणि दार बंद केलं तेही फौजेनेच. दोन्ही एका दमात सांगायला हवं. तुम्ही पहिलं तेवढं सांगता.

मामा : आणि तू दुसरं.

दोघांचंही खरं आहे. रत्नागिरी जिल्ह्याने, ज्यात 1981 पर्यंत आजचा सिंधुदुर्गही होता, मुंबईच्या इंग्रजी फौजेला पिढ्यान्‌पिढ्या माणसं दिली. शेतीवर पोट भरत नव्हतं. मनीऑर्डरवर घरं उभी राहिली. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी उपाशी लढल्या आणि शेवटी कैद झाल्या. त्यातल्या 117 व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. मान सैनिकांनी रक्ताने कमावला आणि तो लिहिला गेला राजाच्या नावाने. मामांच्या पलटणीचा वारसा असा दोन पदरी आहे, आणि त्यातला एकच पदर उलगडून दाखवणं दोघांनाही जमण्यासारखं नाही.

मामा : आमच्या रेजिमेंटचं मूळ 1768 च्या मुंबईच्या शिपाई पलटणीत आहे. कंपनीनेच उभी केली. पण आमचा रेजिमेंटचा दिवस कोणता? 4 फेब्रुवारी. 1670 मध्ये तानाजीने कोंढाणा घेतला तो दिवस. आमची युद्धघोषणा शिवाजी महाराजांच्या नावाची. कंपनीच्या पलटणीत राहून माणसांनी आपला दिवस आणला, आपली घोषणा आणली. इंग्रजाने दिलेल्या भांड्यात आपलं कालवण शिजवलं.

भाची : आणि भांडं?

मामा : भांडं घासून घेतलं की झालं. महाराजांनी काय केलं? आरमार बांधायला कल्याणला पोर्तुगीज कारागीर लावलेच ना? चांगलं ते परक्याकडूनही उचलायचं.

भाची : महाराजांनी कारागीर घेतले, हुकूम नाही घेतला. कोणतं जहाज, किती तोफा, कुणाविरुद्ध, हे ठरवणारे ते होते. पोर्तुगीजांना धास्ती पडली आणि त्यांनी आपली माणसं परत ओढली, यातच कोण कुणाचा चाकर होता ते दिसतं. बाजारातून घेतलेली वस्तू वेगळी आणि मालकाने अंगावर चढवलेला पोशाख वेगळा.

मामा : मग तारकर्लीला आपलं नौदल आलं होतं ते कोणत्या पोशाखात?

भाची : बरं झालं तुम्हीच काढलंत. 4 डिसेंबर 2023, नौदल दिन, पहिल्यांदाच आपल्या किनाऱ्यावर. पंतप्रधान आलेले. ॲडमिरलच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेची छाप येणार आणि हुद्द्यांना भारतीय परंपरेची नावं मिळणार, हे तिथेच जाहीर झालं. त्याच्या आदल्या वर्षी, 2 सप्टेंबर 2022 ला, नौदलाच्या निशाणावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला. हे सगळं मला पटतं. पण त्याच दिवसाच्या जाहीर कार्यक्रमात सी कॅडेट कोअरच्या मुलांचा नाच कोणता होता? हॉर्नपाइप! ब्रिटिश खलाशांचा नाच. राजमुद्रा खांद्यावर आणि पायांत हॉर्नपाइप.

मामा : पोरं सुंदर नाचतात तो.

भाची : सुंदर नाचतात, म्हणून तर विचारते. आपल्या खारव्यांना, गाबितांना नाच नाही? शिमग्यात आपल्या वाड्यांतून काय निघतं? ते त्या वाळूवर चाललं नसतं?

मामा : निशाणावरचा तो क्रॉस 2001 मध्ये एकदा काढला होता, ठाऊक आहे? 2004 मध्ये परत आणला. कारण सांगितलं ते असं की नवं निशाण समुद्राच्या नि आभाळाच्या निळाईत ओळखू येत नाही. शिपायाला हे कारण पटतं. निशाण लांबून दिसलं पाहिजे, वाद्य लांबून ऐकू आलं पाहिजे. काम होतं की नाही ते आधी बघायचं, जन्मदाखला नंतर.

भाची : चला, कामाचंच बोलू. तुमचा पाईप आपल्याकडे काय काम करणार?

मामा : आता आलीस माझ्या मैदानात. पाईपच्या चँटरवर, म्हणजे बोटं फिरतात त्या नळीवर, नऊ सूर निघतात. षड्ज धरलास तर खाली एक कोमल निषाद, वर तार षड्जापर्यंत चढ, त्यातही निषाद कोमलच, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे काय झालं?

भाची : खमाज थाट.

मामा : अगदी! आणि खांद्यावर तीन ड्रोन सतत षड्ज धरून. आपल्या सनईवाल्याच्या जोडीला सूर धरणारा बसतो ना, तोच हा. फरक एवढाच की सनईवाला गाल फुगवून वारा साठवतो, नाकाने श्वास घेतो आणि गालातला वारा सोडत राहतो. आम्ही तो वारा काखेतल्या पिशवीत साठवतो. दोघांचा हट्ट एकच, सूर तुटता नये.

भाची : पण सनई मींड घेते, दम कमीजास्त करते, रडते. तुमचा पाईप एकाच दमाने ओरडतो. हळू वाजवा म्हटलं तर वाजेल?

मामा : नाही वाजणार. थांबणारही नाही. एकच सूर दोनदा हवा असेल तर मध्ये दुसऱ्या सुराचा चिमटा काढावा लागतो, नाहीतर दोन्ही एकात विरघळतात. भैरवी वाजव म्हणालीस तर तीही सहज निघायची नाही, कोमल गंधारच नाही सरळ बोटांत. ‘कोंकण सुंदरी’ वाजते ती या नऊ सुरांत बसते म्हणून. हा मोठ्या मैदानाचा आवाज आहे. चालणाऱ्या माणसाच्या पायाला धरून ठेवतो. शाळेच्या संचलनाला याहून बरं काही नाही.

भाची : तुम्हीच सांगितलंत त्यात माझं उत्तर आहे. गढवालकडे हे वाद्य गावात उतरलं. गढवाली शिपाई ते घरी घेऊन गेले आणि तिथे ते मशकबीन होऊन लग्नाच्या वरातीत ढोल-दमाऊच्या शेजारी उभं राहिलं. ते आता त्यांचं आहे, यात मला शंका नाही. मराठा पलटणींतही पाईप होते. मग कोकणी शिपायाने आपला पाईप लग्नात का नाही आणला?

मामा : …

भाची : मला वाटतं, तिकडे ढोल होते, दमाऊ होते, रणसिंग होतं; उघड्यावर खणखणीत सुरावट वाजवणारं वाद्य कमी होतं. ती जागा रिकामी होती, मशक तिथे बसली. आपल्याकडे त्या जागेवर सनई आधीच होती. आणि आपल्याकडे जे रिकामं होतं ते दुसऱ्या परक्या वाद्याने भरलं.

मामा : पेटी.

भाची : पेटी! पॅरिसमध्ये 1842 ला पेटंट घेतलेलं वाद्य. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास ती हाताच्या भात्याची केली, मांडी घालून वाजवता येईल अशी. गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याने पगारातून ती गावी आणली. आज तिच्याविना भजनाची डबलबारी होत नाही आणि पायपेटीविना दशावतार उभा राहत नाही. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला हद्दपार केलं, कारण ती परदेशी आणि तिच्यावर श्रुती निघत नाहीत. ही बंदी 1971 पर्यंत होती. आपल्या एकाही भजनी बुवाने पेटी खाली ठेवली नाही. दिल्लीने नाकारलेली पेटी वाडीने ठेवली.

मामा : म्हणजे परकं वाद्य आपलं होऊ शकतं, हे तू मान्य केलंस.

भाची : कधीच नाकारलं नव्हतं. कसोटी एवढीच की परवानगी कुणाची लागते. पेटीचा भाता फाटला तर दुरुस्त करणारा माणूस इथे मिळतो. बुवा तिच्यावर स्वतःची चाल बांधतो, सिनेमाची चाल उचलतो, दुसऱ्या बुवाची चाल पाडतो, कुणाला विचारत नाही. तुमच्या पाईपला हुकूम लागतो. तो भांडारातून सहीवर मिळतो, सहीवर परत जातो. म्हणून तो छावणीतच राहिला.

मामा : (थोडं थांबून) हुकमाचं म्हणतेस ते खरं आहे. 2023 मध्ये लष्कराने काही जुन्या प्रथा बंद करायचं ठरवल्याच्या बातम्या आल्या. सोहळ्यातली बग्गी गेली, अधिकाऱ्याच्या निरोपाला त्याची गाडी ओढायची रीत गेली आणि मेजवानीच्या वेळी पाईप बँड वाजवणंही गेलं. गावातल्या लोकांना वाटलं मला वाईट वाटेल. अजिबात नाही. साहेब जेवतोय आणि त्याच्या टेबलाभोवती आम्ही पिशवी फुगवत फिरायचं, ते गेलं हे बरंच झालं. मैदानावरचा पाईप शिपायाचा, जेवणघरातला साहेबाचा.

भाची : मग आपण दोघे एकाच ठिकाणी उभे आहोत की.

मामा : नाही, थांब. तुझी कसोटी मी तुझ्या सनईला लावतो. परवानगी कुणाची लागते, असंच ना? सनई-ढोल आपल्याकडे कुणी वाजवायचे? देवळातली वाजपाची चाकरी कुणाच्या घराकडे, पालखीपुढे कोण उभं राहणार, हे जन्मानेच ठरलेलं. वाजवणारा मंडपात, पण पंगतीला वेगळा. त्याच्या सुरांवर लग्न लागायचं, पण त्याच्या घरी पाणी प्यायचं नाही. दुसऱ्या घरातल्या पोराने सनई हातात घेतली असती तर बापाने पाठ फोडली असती. माझ्या बापाने फोडली असती. इंग्रजांच्या याद्या तू काढल्यास. ही यादी कुणी केली होती?

भाची : आपणच.

मामा : फौजेत मी पाईप हातात घेतला तेव्हा फुंक टिकते का आणि बोटं चालतात का, एवढंच बघितलं. शेजारी कोण बसला होता, कुठल्या घरचा, मला अनेक महिने माहीत नव्हतं. म्हणून ते वाद्य मला प्रिय आहे. स्कॉटलंडचं म्हणून नाही आणि दिल्लीचं म्हणूनही नाही.

भाची : मामा, 15 ऑगस्ट 1947 च्या सोहळ्यात बिस्मिल्ला खाँची सनई वाजली, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. देशाने सनईला मान दिला. गावाने सनईवाल्याला दिला नाही, हे सांगायचं राहून जातं.

मामा : ते सांग. मग पोरांच्या हातात सनई दे. आधी नको.

भाची : ठीक. मग आपण दोघांनी एकमेकांना अटी घालू. माझी अट : पाईप घ्यायचे तर त्यांची देखभाल इथे झाली पाहिजे. पावसाळ्यात रीड फुगतात, सूर चढतात-उतरतात, पिशवी सुटते. दर वेळी दुरुस्तीसाठी मेरठला पार्सल पाठवायचं असेल, तर ते वाद्य आपल्याकडे पाहुणंच राहणार. दोन मुलांना रीड बसवणं, पिशवी बांधणं शिकवायचं. आणि पहिल्या वर्षी एक तरी धून अशी, जी इथल्या कुणीतरी बांधली आहे. नऊ सुरांत बसणारी. भजनातली चाल घ्या, कोळीगीताची घ्या. विजय चौकात वाजली म्हणून ‘कोंकण सुंदरी’ नको; तिच्यावर दिल्लीची मोहोर आहे.

मामा : आणि चौकड्यांची शाल?

भाची : नको. शाळेचा गणवेश पुरे.

मामा : मंजूर. शाल तशीही कोकणातल्या उकाड्यात जीव घेते. आता माझी अट. सनई शिकवायला तू ज्याला बोलावशील, तो वाजपी घरातलाच माणूस असणार, कारण विद्या त्याच्याकडे आहे. त्याला ‘गुरुजी’ म्हणायचं, खुर्चीवर बसवायचं, शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव लिहायचं आणि मानधन महिन्याच्या महिन्याला द्यायचं. श्रीफळ देऊन बोळवण नाही. आणि शिकणारी पोरं सगळ्या वाड्यांतली. पोरीसुद्धा.

भाची : पोरींबद्दल तुम्ही मला सांगता? तुमच्या पाईप बँडात पोरी होत्या का?

मामा : माझ्या वेळी नव्हत्या. म्हणून तर शाळेत सुरू करायचाय.

भाची : मंजूर. पण पैसे एकाच पथकाचे आहेत, हे विसरलात.

मामा : नाही विसरलो. चार पाईप, दोन ड्रम. चार सनया, दोन सूर धरणारे, दोन ढोल. एकाच पथकाचे पैसे दोन निम्म्या पथकांना पुरतात.

भाची : आणि दोन निम्मी पथकं एकत्र वाजवायची म्हटली तर? पाईपचा षड्ज बदलत नाही. सनया त्याच सुराच्या करून घ्याव्या लागतील. म्हणजे जुळवून घ्यायचं पुन्हा सनईनेच!

मामा : किंवा आळीपाळीने वाजवायचं. मैदानात चालताना पाईप, झेंड्यापाशी उभं राहिल्यावर सनई.

भाची : झेंड्यापाशी सनई, हे तुम्ही म्हणालात. समितीच्या इतिवृत्तात लिहून घेते.

मामा : लिही. पण खाली हेही लिही की पोरं आधी सुरात यायला हवीत. बेसूर सनई देशी असली तरी मी झेंड्यापाशी उभी करू देणार नाही.

भाची : आणि बेसूर पाईप?

मामा : बेसूर पाईप तर मालवण बाजारापर्यंत ऐकू जातो, बाय. त्याला बंदी घालायला समिती लागत नाही, शेजारीच येतात.